वाचकांचे प्रश्न : स्वतःला फसवणे कसे शक्य होते?

गेल्या अंकातील अस्तित्ववादावरील लेखात ज्याँ-पॉल सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या आत्मवंचनेच्या, म्हणजे माणूस स्वतःलाच फसवतो या, कल्पनेचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर खानापूर, चिकोडी, निपाणी आणि बेळगाव शहरातून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रांचा गाभा आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : फसवणाऱ्याला खरे ठाऊक असते आणि फसणाऱ्याला ते ठाऊक नसते, म्हणूनच फसवणूक होते. मग एकच माणूस दोन्ही कसा होईल? खरे ठाऊक असेल तर तो फसला नाही आणि ठाऊक नसेल तर त्याने फसवले नाही. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचे अबोध मन मान्य केले की हे कोडे सुटते, मग सार्त्र ते का नाकारतो? (निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका)

आपण मांडलेली अडचण सार्त्रने स्वतःच वाचकापुढे ठेवलेली आहे. जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये 1943 साली प्रसिद्ध झालेल्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या ग्रंथात आत्मवंचनेवर स्वतंत्र प्रकरण असून, त्याच्या आरंभीच लबाडी आणि आत्मवंचना यांची फारकत केलेली आहे. लबाड माणसाच्या मनात सत्य स्वच्छ असते, तो ते फक्त समोरच्यापासून दडवतो. आत्मवंचनेत दडवणारा आणि ज्याच्यापासून दडवायचे तो, असे दोघेही एकाच जाणिवेत नांदत असतात. फ्रॉइडने या एकाचे दोन केले. वर्ज्य इच्छा मनाच्या तळाशी, बोधमन वर आणि दोहोंच्या मध्ये एक पहारेकरी, अशी त्याची मांडणी आहे आणि सार्त्रचा आक्षेप या पहारेकऱ्यावर आहे. कोणती इच्छा अडवायची आणि कोणती सोडायची हे ठरवायचे तर पहारेकऱ्याला त्या इच्छांची ओळख पटलेली असली पाहिजे. उपचार घेणाऱ्या माणसाचे बोलणे दुखऱ्या जागेजवळ येऊ लागले की तो विषय बदलतो, ठरलेली भेट चुकवतो, कधी उपचारच सोडून देतो. आपण काय टाळत आहोत याची जाण कोठेतरी असल्याखेरीज ही टाळाटाळ इतक्या नेमक्या वेळी होणार नाही. तेव्हा जाणूनही न जाणण्याचे कोडे फ्रॉइडकडे सुटत नाही, ते बोधमनाकडून पहारेकऱ्याकडे सरकते इतकेच.

माझ्या मते हा आक्षेप पहारेकऱ्याच्या कल्पनेवर अचूक लागू पडतो, पण अबोधाच्या सगळ्याच कल्पनांवर लागू पडत नाही. लहानपणी बसलेली भीती किंवा अंगात मुरलेली सवय आपल्या नकळत काम करते आणि त्यासाठी कोणाला दारावर उभे राहावे लागत नाही. सार्त्र याकडे पुरेसे लक्ष देत नाही.

त्याचे स्वतःचे उत्तर दोन गोष्टींवर उभे आहे. पहिली गोष्ट जाणिवेच्या स्वरूपाची. जाणीव नेहमी कशाची तरी असते, हा विचार तत्त्वज्ञ ब्रेंटानोकडून त्याचा शिष्य हुसर्लकडे आणि तेथून सार्त्रकडे आला. सार्त्रने त्यात अशी भर घातली की, वस्तूची जाणीव असतानाच ती जाणीव स्वतःलाही ओझरती उमगत असते, मात्र त्या वेळी ती स्वतःकडे वळून पाहत नसते. सिगारेटी मोजणाऱ्या माणसाचे उदाहरण त्याने दिले आहे. निपाणीत विड्या मोजून त्यांचे कट्टे बांधणाऱ्या बाईचे लक्षही असेच विड्यांवर असते, 'मी मोजते आहे' असा विचार तिच्या मनात नसतो, परंतु मध्येच कोणी विचारले की ती क्षणाचाही विलंब न लावता सांगते, "मोजतेय." हे उत्तर तिला शोधावे लागत नाही, कारण मोजणे चालू असतानाच ते तिला उमगत होते. म्हणजे एखादी गोष्ट आपल्याला उमगणे आणि आपण तिच्याकडे वळून ती तपासणे, या दोहोंत अंतर आहे. आत्मवंचना या अंतरात घर करते.

दुसरी गोष्ट विश्वासाची आहे, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तीत आहे असे मला वाटते. सार्त्र आत्मवंचनेला विश्वासाचा एक प्रकार मानतो. विश्वास म्हणजे खात्रीचे ज्ञान नव्हे. 'माझा विश्वास आहे' असे म्हणणाऱ्यालाच आपण फक्त विश्वास ठेवला आहे, पाहिलेले नाही, हे उमगत असते. आत्मवंचना करणारा माणूस या पोकळीचा फायदा घेतो आणि कोणत्या बाबतीत किती पुरावा पुरेसा मानायचा हे पुरावा पाहण्याआधीच ठरवून टाकतो.

बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातील एखाद्या यंत्रमागधारकाची कल्पना करा. सूत उधारीवर आणलेले, साड्यांचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले, बँकेचा हप्ता थकलेला. हा गृहस्थ रोज रात्री वही घेऊन बसतो. मजुरी लिहितो, विजेच्या बिलाची नोंद करतो आणि सूतवाल्याचे खाते आले की दोन पाने एकदम उलटून पुढच्या खात्यावर जातो. कोणी विचारले तर तो म्हणतो की धंदा बरा चालला आहे, यंदाची लग्नसराई हात देईल. तो खोटे बोलत नाही, त्याने तसे मनापासून मानलेले आहे. पण नेमकी तीच दोन पाने उलटायची तर ती कोठे आहेत हे बोटांना ठाऊक असावे लागते. लग्नसराईच्या आशेला त्याच्याकडे पुरावा लागत नाही आणि सूतवाल्याचा आकडा मात्र, त्या व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला असूनही, 'अजून नीट ताडून पाहायचा' असतो. पुराव्याची ही दोन मापे त्याने कोणत्याही एका क्षणी बसून ठरवलेली नाहीत. माणूस झोपी जातो तसा तो आत्मवंचनेत शिरतो, असे सार्त्र म्हणतो. झोप लागण्याचा निर्णय कोणी घेत नाही, तरीही अंथरूण घालणारे आणि दिवा मालवणारे आपणच असतो.

अशा रीतीने आपल्या कोड्यातील विरोध बराच सैल होतो. या माणसापाशी एकमेकांना छेद देणारी दोन ज्ञाने नाहीत. त्याच्यापाशी एक न तपासलेली उमज आहे, आणि तिच्यावर पांघरलेला, फार पुरावा न मागणारा विश्वास आहे.

प्रश्न : मी चिकोडी तालुक्यात एका कार्यालयात कारकून आहे. घरी मराठी, कामावर कानडी, आणि भाषेबरोबर माझा स्वभावही बदलतो. एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, जवळ आला की सहकारी विचारतात, "तुम्ही नक्की कुठले?" गावातले मित्र म्हणतात, "तू आता त्यांचाच झालास." मराठीत अर्ज लिहून आणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी 'नियम आहे, कानडीत आणा' असे सांगून परत पाठवतो आणि मनाशी म्हणतो की आपण कारकून, आपण काय करणार. यांत खरा मी कोणता? मी आत्मवंचनेत जगतो आहे का?

आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. खरा मी कोणता, या पहिल्या प्रश्नाला सार्त्र उत्तर देणार नाही, कारण त्याला तो प्रश्नच चुकीच्या जागी शोध घेणारा वाटेल. 1936 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याने 'मी'विषयी एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात असे प्रतिपादले की 'मी' हा जाणिवेच्या आत राहणारा कोणी रहिवासी नाही. ट्राम पकडायला धावणाऱ्या माणसाच्या जाणिवेत गाठायची ट्राम असते, 'मी' नसतो; नंतर मागे वळून पाहिल्यावर 'मी धावलो' असा 'मी' उभा राहतो. इतरांचा स्वभाव जसा त्यांच्या वागण्यावरून आपण जोडत जातो, तसाच आपलाही. तेव्हा घरातला तापट आणि कार्यालयातला नम्र यांच्या तळाशी तिसरा कोणी अस्सल मनुष्य दडलेला आहे आणि तो सापडला की शांतता लाभेल, ही आशा आपण सोडून द्यावी. दोन भाषांत दोन प्रकारे वागणे ही सीमाभागातील लाखो माणसांची रोजची रीत आहे. सकाळी बाजारात "बर्री, बर्री" म्हणून गिऱ्हाइकाला बोलावणारा दुकानदार मागे वळून मुलाला मराठीत काम सांगतो, तेव्हा त्याने कोणाचीही फसवणूक केलेली नसते.

यापुढचा प्रश्न अधिक गंभीर आहे. सार्त्रने कॅफेतील एका वेटरचे वर्णन केले आहे. त्याच्या हालचाली जरा जास्तच चपळ, जरा जास्तच नेमक्या आहेत. गिऱ्हाइकापुढे तो जरा जास्तच आदबीने वाकतो, कारण तो वेटर असण्याची भूमिका वठवत आहे. पुष्कळ वाचक यावरून असा समज करून घेतात की आपले काम मनापासून करणारा माणूस ढोंगी ठरतो. सार्त्रचे म्हणणे तसे नाही. दौत ही दौत असते तसा माणूस वेटर असू शकत नाही, एवढेच तो दाखवतो. आणि समाजालाही ही भूमिका हवी असते, हे त्याने तेथेच सांगितले आहे : स्वप्नात हरवलेला दुकानदार गिऱ्हाइकाला खपत नाही. आपली कार्यालयातील नम्रता ही अशी भूमिका आहे आणि तिच्यात दोष नाही. दोष तेथे शिरतो जेथे आपण म्हणता, "आपण कारकून, आपण काय करणार." त्या क्षणी आपण दौतीसारखे होऊ पाहता, म्हणजे जिला ठरवावे लागत नाही अशी वस्तू.

माणसाच्या असण्याला दोन अंगे आहेत, असे सार्त्र मानतो : वाट्याला आलेली परिस्थिती, आणि त्या परिस्थितीला पुढे जाऊन अर्थ देण्याची मोकळीक. आपला जन्म मराठी घरात झाला, 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, सीमावादावरचा 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल आला आणि वाद तसाच राहिला, या गोष्टी आपण निवडलेल्या नाहीत. कार्यालयाचा नियमही आपण केलेला नाही. 'भाषेशी मला देणेघेणे नाही, मी फक्त माणूस आहे' असे म्हणणारा पहिले अंग नाकारतो. 'मी सीमावासी आहे, म्हणून माझे आयुष्य असेच जाणार' असे म्हणणारा दुसरे अंग नाकारतो. सहकारी आणि मित्र आपल्याला एकेका शब्दात बंद करू पाहतात, त्यांच्या या नजरेची ताकद सार्त्र कमी लेखत नाही. ज्यूद्वेषावर 1946 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने दाखवले आहे की इतरांच्या नजरेने लादलेली ओळख ही परिस्थितीचाच भाग बनते आणि तिच्यापासून पळ काढून कोणी मोकळा होत नाही. परिस्थिती स्वच्छ डोळ्यांनी पाहणे आणि तिच्यातील जोखीम व जबाबदारी अंगावर घेणे, याला तो तेथे प्रामाणिक जगणे म्हणतो.

म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे. अर्ज कानडीतच स्वीकारायचा, हा नियम आपल्याला बांधतो. परंतु ज्या म्हाताऱ्या माणसाला आपण परत पाठवता, त्याला कानडी लिहिता येत नाही आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात. जेवणाच्या सुट्टीत त्याचा अर्ज लिहून द्यायला नियमाची आडकाठी आहे, असे आपण पत्रात कोठेही म्हटलेले नाही. आपण तो लिहून दिलाच पाहिजे असे सार्त्र सांगत नाही. वेळ नाही, वरिष्ठांची नाराजी नको, रोज दहा माणसे येतील, अशी कारणे आपल्यापाशी असतील आणि ती खरीही असतील. ती कारणे आपण निवडली आहेत, एवढे मान्य केले की आत्मवंचना सरते आणि मग त्या निवडीबद्दल आपण स्वतःला जाब विचारू शकता.

प्रश्न : सार्त्रची 'स्वतःला उमगणारी जाणीव' म्हणजे आपल्या वेदान्तातील साक्षीच नव्हे काय? (बेळगाव)

साम्य आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. दोन्हीकडे अहंकाराला जाणिवेचा विषय मानले आहे, जाणिवेचा मालक मानलेले नाही, आणि हे साम्य लहान नाही. पण अद्वैतातील साक्षी नित्य आहे, अलिप्त आहे, तो काहीच करत नाही. सार्त्रची जाणीव वस्तूकडे झेपावण्यातच संपते. ती झेप बाजूला काढली तर मागे काहीही उरत नाही, तिला विसावण्याची जागा नाही. स्थिर आत्मा नाकारण्याच्या बाबतीत तो बौद्ध अनात्मवादाच्या अधिक जवळ येतो, मात्र बुद्धाच्या शिकवणीत तृष्णाक्षयाची वाट आहे, तर सार्त्रच्या ग्रंथात दगडासारखे भरीव आणि तरीही जाणते होण्याची माणसाची ओढ व्यर्थ असूनही ती सुटत नाही.

प्रश्न : मी निपाणीची. लग्नानंतर शिक्षण सुटले, आता विड्या वळते. 'तू ठरवलेस तर सगळे करू शकतेस, तू स्वतःलाच फसवतेस' असे शिकलेली माणसे मला सांगतात. हातात पैसा नाही, घरात शब्द नाही, अशा बाईला आत्मवंचक म्हणणे हा अन्याय नाही का?

ताई, हा अन्याय आहे, आणि अस्तित्ववादाच्या आतूनच तसे स्पष्टपणे म्हटले गेले आहे. सार्त्रच्या 1943 च्या ग्रंथात स्वातंत्र्याची कल्पना इतकी टोकाची आहे की बेड्या घातलेला गुलामही मालकाइतकाच स्वतंत्र ठरतो. पुढे 1969 मध्ये एका मुलाखतीत आपले जुने लिखाण आठवून त्याने स्वतःच आश्चर्य व्यक्त केले की आपण असे काही खरोखर मानत होतो. पण ही चूक त्याच्या आधी त्याच्या जवळच्या माणसांनी ओळखली होती. तत्त्वज्ञ मर्लो-पाँती याने 1945 सालीच दाखवून दिले की वीस वर्षे अंगवळणी पडलेला न्यूनगंड माणूस एका क्षणात झटकून टाकील हे संभवनीय नाही. भूतकाळ आपल्याला ठरवत नसला तरी त्याला वजन असते.

आपल्या प्रश्नाला सर्वांत नेमके उत्तर सार्त्रची सहचरी आणि तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हार हिने दिले आहे. 1947 च्या नीतिविषयक पुस्तकात ती अशा माणसांविषयी लिहिते ज्यांच्यापुढे दुसरे काही असू शकते ही शक्यताच येऊ दिलेली नसते. गुलामगिरी हीच निसर्गाची रीत असे वाटणाऱ्या गुलामाला किंवा अंतःपुरात कोंडलेल्या स्त्रीला ती आत्मवंचनेचा दोष लावत नाही. त्यांचे अज्ञान त्यांनी निवडलेले नसते, त्यांच्यासाठी क्षितिज दुसऱ्यांनी मिटलेले असते. पुढे 1949 च्या 'द सेकंड सेक्स'च्या प्रस्तावनेत तिने हा भेद आणखी धारदार केला : माणूस वस्तूच्या पातळीवर घसरतो तेव्हा त्याने स्वतः संमती दिली असेल तर तो नैतिक दोष आहे आणि ते त्याच्यावर लादले गेले असेल तर ती पिळवणूक आहे. आणि लगेच ती पुढे म्हणते, की दोन्ही बाबतींत घडते ते वाईटच. आपल्याला उपदेश करणारी माणसे हा भेद विसरतात. अनेकदा तर त्यांचा उपदेश हीच एक आत्मवंचना असते, कारण दोष आपल्या पदरात टाकला की त्यांना स्वतः काही करण्याची गरज उरत नाही.

बोव्हारच्या म्हणण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. शक्यता एकदा दिसली की ती न घेणे हीसुद्धा निवड ठरते. आपल्याच गावात 1980 च्या आसपास तंबाखूच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांनी संघटना बांधली आणि मजुरीसाठी लढा दिला. तंबाखूच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणे हे आपले नशीब, असे तोवर मानणाऱ्या त्या बायका एका रात्रीत धाडसी झाल्या नाहीत. त्या एकमेकींशी बोलू लागल्या, एकीची मजुरी दुसरीला कळली, तेव्हा नशीब वाटणारी गोष्ट कोणीतरी ठरवलेला दर आहे हे दिसले. क्षितिज उघडते ते असे, आणि ते एकटीने क्वचितच उघडते. दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याखेरीज माझे स्वातंत्र्य पुरे होत नाही, हा बोव्हारचा सिद्धान्त आपल्याला पुस्तकात शोधण्याची गरज नाही. आपल्या गल्लीत त्या लढ्यातल्या आज म्हाताऱ्या झालेल्या बायका असतील, त्यांच्यापाशी बसावे. सुटलेले शिक्षण बाहेरून परीक्षा देऊन पुरे करता येते, हेही कळवतो. ते आपल्याला जमेल की नाही हे येथे बसून ठरवण्याचा अधिकार मला नाही.

प्रश्न : मनाशी खरे वागायचे ठरवले तर त्यातही आत्मवंचना शिरते, असे सार्त्र म्हणतो. मग सुटका आहेच कोठे? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, बेळगाव)

'मी आळशी आहे' असे प्रांजळपणे कबूल करणारा माणूस त्या कबुलीनेच आळसापासून मोकळा झाल्याचे समाधान मिळवतो आणि पुन्हा आळशी राहायला मोकळा होतो, म्हणून सार्त्रला प्रांजळपणा पुरेसा वाटत नाही. तरीही सुटका नाही असे त्याने म्हटलेले नाही. आत्मवंचनेच्या प्रकरणाच्या शेवटी एका तळटीपेत तो सांगतो की तिच्यातून पुरते बाहेर येणे शक्य आहे, पण त्याचे वर्णन करण्याची ही जागा नव्हे. ग्रंथाच्या शेवटी त्याने नीतिशास्त्रावर पुढचा ग्रंथ लिहिण्याचे आश्वासन दिले आणि तो हयातीत पुरा केला नाही. त्यासाठी 1947-48 मध्ये लिहिलेल्या वह्या त्याच्या निधनानंतर, 1983 साली, प्रसिद्ध झाल्या. त्यांतील विचार विस्कळीत आहेत, परंतु एक दिशा स्पष्ट दिसते : आपण कोण आहोत हे ठरवून टाकण्याचा अट्टहास सोडला की लक्ष हाती घेतलेल्या कामाकडे आणि ज्याच्यासाठी ते काम करायचे त्या दुसऱ्या माणसाकडे वळते. देणे आणि औदार्य यांवर त्याने तेथे पानेच्या पाने लिहिली आहेत. इंग्रजी वाचण्याची तयारी असेल तर आपण प्रथम बोव्हारचे 1947 चे पुस्तक वाचावे, ते लहान आणि सुबोध आहे, आणि त्यानंतर या वह्यांकडे वळावे.